खिशातलं मत

"लोपीस मॅडम, एक विचारू? आपल्याच आहात म्हणून विचारतोय."

ऑफिसात कुणी मला असं मराठीत आणि इतकं गोड विचारलं की मी सावध होते. विचारणारे होते देशमाने साहेब. दिल्लीहून आलेले जॉइंट सेक्रेटरी, मूळचे साताऱ्याकडचे. आम्ही दोघं कॉफीच्या मशीनपाशी उभे होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मतदान होतं. त्यांना एवढंच हवं होतं, की एका छोट्या बेट-देशाचा प्रतिनिधी सकाळी माझ्या खोलीत येऊन काय बोलून गेला.

"साहेब, ते मला सांगता येत नाही."

"अहो, मी कुठे लेखी मागतोय? नुसती मान हलवा. हो की नाही, एवढंच."

मी मान हलवली नाही. मान आखडलेल्या माणसासारखी तशीच उभी राहिले. ते हसले, कपात साखरेच्या दोन पुड्या टाकल्या आणि म्हणाले, "राहू द्या. तुमची नोकरी आहे, समजतो मी. तसंही ते मत आपल्या खिशात आहे."

आणि गेले. मी मात्र कॉफी तिथेच विसरून खोलीत परत आले.

मी काय काम करते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. हिंदी महासागराच्या काठच्या नऊ देशांचा एक संघ आहे. त्याचं सेक्रेटरिएट दुबईत. संघ समुद्राबद्दलचे नियम करतो. एकदा नियम मंजूर झाला की तो सगळ्या देशांना लागू, परत आपापल्या संसदेत नेऊन घोळ घालायचा नाही. म्हणून तर मतदानाच्या आधी एवढी ओढाताण चालते. मी समितीची सेक्रेटरी. मसुदा मी लिहिते, सुधारते, परत लिहिते. देशांची नावं घ्यायची मला परवानगी नाही. आपला देश तेवढा सांगते, कारण तो तुम्ही ओळखणारच.

नोकरीला लागताना आम्ही शपथ घेतो, की कुठल्याही सरकारचं ऐकणार नाही, स्वतःच्याही नाही. कागदावर हे फार सोपं असतं. माझा पासपोर्ट भारताचा, माहेर वसईचं, आणि भांडताना तोंडात येते ती मराठी. शपथ घेतली म्हणून हे सगळं कुठे जात नाही.

मतदानाच्या आधी एक पद्धत असते. प्रत्येक देशाचा प्रतिनिधी एकटा माझ्या खोलीत येतो, दार लावतो आणि खरं बोलतो. हॉलमध्ये काय म्हणणार ते वेगळं. खरंच कुठे वाकणार, कुठे अजिबात वाकणार नाही, हे तो मला सांगतो. त्यावरून मी मसुद्यात वाट काढते. यातलं एक अक्षर दुसऱ्या देशाला सांगायचं नाही. ऑफिसात याला सगळे कन्फेशन म्हणतात. मी ख्रिश्चन म्हणून माझे बॉस मला फादर ग्लोरिया म्हणून चिडवतात. फादर निदान पापं ऐकून क्षमा तरी करतो. मी फक्त ऐकते.

त्या वेळचा नियम होता सोडून दिलेल्या जहाजांचा. जहाजाचा मालक बुडतो, फोन बंद करतो, गायब होतो. जहाज कुठल्यातरी बंदराबाहेर नांगर टाकून उभं. आता तुम्ही म्हणाल, खलाशांनी उतरावं आणि घरी जावं. तसं होत नाही. नांगरलेल्या जहाजावर ठराविक माणसं असलीच पाहिजेत, हा कायदा. बदली माणूस आल्याशिवाय बंदर तुम्हाला उतरू देत नाही. आणि मालकच नाही तर बदली माणूस पाठवणार कोण? मग माणसं महिनोन्‌महिने जहाजावर. कैदी नाहीत, पण सुटकाही नाही. आमच्या मसुद्यातलं कलम अकरा म्हणत होतं, की अशा खलाशांना बंदराने उतरवून घरी पाठवायचं, बदली माणूस असो वा नसो.

दुबईच्या अल बर्शा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या वरच्या मजल्यावर स्मिता तांडेल राहते. ऊद मेथा भागातल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. तिचा नवरा विजय सेकंड इंजिनिअर. गेल्या गणपतीपासून तो अशाच एका जहाजावर अडकला होता. इंजिन बंद, पाणी मोजून, आणि सिग्नल मिळाला तर फोन. जहाज उभं होतं त्या बेटाच्या देशाबाहेर. हो, त्याच बेटाच्या.

हे मी माझ्या बॉसना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डॉ. सईद, ओमानचे, शांत माणूस. मी म्हटलं, "सर, माझी शेजारीण यात आहे. मी हा मसुदा सोडते."

ते म्हणाले, "नऊ देशांत कुणाची तरी शेजारीण असणारच. तू सांगितलंस, मी नोंद घेतली. खलास. पण लक्षात ठेव, या आठवड्यात तू कुणाचीच नाहीस."

कुणाचीच नाही, हे बोलायला ठीक आहे. लिफ्टमध्ये रोज स्मिता भेटायची. सोबत तिची मुलगी ईशा, सातवीतली, शाळेची बॅग छातीशी धरून. "काय गं, जेवलीस का?" विचारलं तर म्हणायची, "Aunty, just tell me the date." बाबा घरी येण्याची तारीख. मी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहायचे.

आता बेटाचा प्रतिनिधी. त्यांचं नाव मिस्टर सखाराम. हे आडनाव बरं का. पणजोबा कोकणातून ऊसमळ्यात मजुरीला गेले, तिकडच्या साहेबाने त्यांचं पहिलं नावच आडनाव म्हणून लिहिलं, ते चिकटलं ते चिकटलं. घरात यांची भाषा वेगळी, पण मराठी शिकलेत, तिकडे संध्याकाळी मराठी शिकवायची बैठक भरते, तिथे. हळू बोलतात, एकेक शब्द पारखून. मला "बाईसाहेब" म्हणतात. त्यांच्या देशात सत्तेवर असलेल्या पक्षाचे ते जुने माणूस. आणि त्यांच्याकडे निवडणूक तोंडावर आली होती.

त्या सकाळी दार लावून ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "बाईसाहेब, आम्ही विरोधात मत देणार."

माझ्या हातातलं पेन थांबलं.

"माणसं उतरली की जहाज रिकामं. वादळ आलं, नांगर सुटला, तर ते आमच्या प्रवाळावर येणार. तेल सांडलं तर आमचे मच्छीमार संपले. ते एक जहाज माझ्या घराच्या गच्चीवरून दिसतं. रात्री त्यावर दिवा दिसला की मी झोपतो."

तो दिवा लावणारा माणूस माझ्या वरच्या मजल्यावरचा आहे, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पाणी प्यायले.

"काय केलं तर तुम्ही बाजूने याल?" मी विचारलं.

त्यांनी सांगितलं. माणसं जरूर उतरवा, पण त्यांच्या जागी बंदराचे पहारेकरी ठेवा, आणि त्याचा खर्च सगळ्या देशांनी मिळून एका फंडातून करा. मोठ्या देशाने जास्त द्यायचं. मोठा देश म्हणजे आपला.

"मग हे आजच भारताला सांगू या ना. त्यांना दिल्लीची परवानगी घ्यायला वेळ मिळेल."

"नाही." त्यांनी हात जोडले. "आमच्या पक्षाने ठरवलंय. उद्या हॉलमध्ये, कॅमेऱ्यासमोर मी बोलायचं. मोठ्या देशासमोर बेट उभं राहिलं, असं घरी दिसलं पाहिजे. मंत्री स्वतः बघणार आहेत. बाईसाहेब, तुम्ही बोलणार नाही ना?"

"नाही बोलणार," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आता माझी अवस्था बघा. नियम मंजूर व्हायला सहा मतं हवी होती. पाच पक्की होती. तीन देश काही केल्या येणार नव्हते. उरलं सहावं, बेटाचं. ते मिळवायची वाट मला ठाऊक, आणि सांगायची चोरी. देशमाने साहेबांना एक वाक्य सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत दिल्ली हलली असती. म्हणून तर कॉफीच्या मशीनपाशी मी मान आखडून उभी होते.

मी स्वस्थ बसले नाही. मला चालण्यासारखं होतं ते केलं. नऊही देशांना एकच मेल टाकला: उद्या खर्चाचा प्रश्न निघाला तर तुमच्याकडे किती मोकळीक आहे, हे आपल्या राजधानीला विचारून ठेवावं. कुणाचं नाव नाही, कुणाकडे बोट नाही. आठ देशांनी उत्तर दिलं. आपल्याकडून काही नाही. मी फोन केला.

"साहेब, मेल बघितलात?"

"बघितला हो. पण खर्चाचा प्रश्न काढणार कोण? पाच मतं आहेत, सहावा सखाराम. मी आज त्यांना जेवायला नेतोय. करामा भागात ती मराठी खाणावळ आहे ना, तिथे. तुम्ही येता?"

"मी नाही येऊ शकत. साहेब, विचारून ठेवायला काय हरकत आहे? नुसतं हाताशी असू दे."

"मॅडम, दिल्लीला उगीच पैशाचं विचारलं की दहा शंका काढतात. झोपलेल्याला कशाला उठवायचं?"

मी फोन ठेवला आणि टेबलावर हात आपटला. बाहेरच्या फिलिपिनो मुलीने दार उघडून विचारलं, "मॅम ओके?" ओके कसलं डोंबल.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब खुशीत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय माणूस आहे. पुरणपोळीला हात जोडून नमस्कार केला त्याने. आणि आरती सगळी पाठ, आपल्याला येत नाहीत ती कडवीसुद्धा. मला तर भरून आलं. मी दिल्लीला कळवून टाकलंय, सहा मतं पक्की."

"ते तुम्हाला म्हणाले, मत देतो म्हणून?"

"अहो, असं विचारतात का जेवताना? आपला माणूस आहे तो."

हा घोळ फक्त आपणच घालू शकतो. परक्याला आपण दहा प्रश्न विचारतो. आरती म्हणणाऱ्याला एकही विचारत नाही. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर दिल्लीत काढून त्याला मराठी बोलायची भूक लागलेली, तीही कळत होती.

दुपारी हॉल भरला. सेशन नेटवर लाइव्ह असतं. स्मिता शाळेच्या ऑफिसात मोबाईल टेकवून बघणार आहे, हे मला माहीत होतं. मी डॉ. सईदांच्या डाव्या हाताला, लॅपटॉप उघडून.

मिस्टर सखाराम उठले. फ्रेंचमध्ये बोलले. कानात इंग्लिश येत होतं. गच्चीवरून दिसणारं जहाज, त्यावरचा दिवा, प्रवाळ, मच्छीमार, सगळं बोलले. छान बोलले, खोटं काय सांगू. शेवटी म्हणाले, मोठ्या देशांचा समुद्र मोठा असेल, आमचं बेट लहान आहे, फंड झाला नाही तर आमचं मत विरोधात.

देशमाने साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची आणि सखारामांची जागा जवळजवळ होती. ते माइक बंद करून पुढे वाकले आणि मराठीत म्हणाले, "अहो, काल आपण एकत्र जेवलो."

"जेवलो," सखाराम म्हणाले. "फार चांगलं जेवण होतं. पण तुम्ही मला जहाजाबद्दल काही विचारलं नाही."

मी समोरच बसले होते, म्हणून ऐकू आलं. 

फंडाला हो म्हणायची देशमाने साहेबांना परवानगी नव्हती. नाही म्हटलं तर नियम पडणार आणि विषय पुढच्या वर्षावर. डॉ. सईदांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे पाहिलं. "असरच्या नमाजासाठी आपण थांबतोच, आज थोडं आधी थांबू," ते म्हणाले. "अर्धा तास."

तो अर्धा तास देशमाने साहेब कॉरिडॉरमध्ये फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. दिल्लीत ऑफिस सुटायची वेळ. एक साहेब मीटिंगमध्ये, दुसरे गाडीत. शेवटी कुणीतरी सापडलं. मी काचेतून बघत होते. साहेब बोलत कमी होते, "जी सर, जी सर" जास्त.

परत आल्यावर त्यांनी कागदावरून वाचलं. भारताला फंड मान्य आहे. अट एकच, इथून पुढे सोडल्या जाणाऱ्या जहाजांसाठीच. जुनी जहाजं किती आणि खर्च किती, याचा हिशोब झालेला नसल्यामुळे ती कलम अकरामध्ये येणार नाहीत.

डॉ. सईदांनी सखारामांना विचारलं, चालेल? त्यांनी फोनवर मेसेज बघितला, मान डोलावली. त्यांच्या पक्षाला हवं होतं ते मिळालं होतं. मोठा देश वाकला होता, तोही कॅमेऱ्यासमोर.

"सेक्रेटरी, प्लीज," डॉ. सईद म्हणाले.

ती अट मीच टाइप केली. विजय तांडेलला कलम अकरातून बाहेर काढणारं वाक्य माझ्याच बोटांनी स्क्रीनवर आणलं.  स्पेलिंग एकही चुकलं नाही. सहा मतं पडली, टाळ्या वाजल्या, फोटो झाले.

घरी गेले तेव्हा स्मिता माझ्या दारात उभी होती. आत ये म्हटलं तर आली नाही.

"ताई, ते बेटवाले फंडाचं मागणार हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

मी कुलपात किल्ली फिरवली.

"बोला ना. नुसती मान हलवा."

मी तिच्यासमोरही मान हलवली नाही. तिला जे कळायचं ते कळलं. "एक दिवस आधी सांगितलं असतं तर जुनी जहाजंपण आली असती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी तिला शपथेचं सांगायला लागले, आणि माझं मलाच ते इतकं पोकळ वाटलं की मध्येच थांबले.

"तो माणूस कुठल्या हॉटेलात उतरलाय?" तिने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही गं."

"नकाच सांगू." आणि ती पायऱ्यांनी वर गेली, लिफ्टसाठी थांबली नाही.

पुढचं मला नंतर कळलं. सेशनच्या पाहुण्यांची बस कुठल्या हॉटेलवर जाते हे शोधायला स्मिताला माझी गरज नव्हती. ती ईशाला घेऊन सकाळी तिथे जाऊन बसली. सखाराम बॅग घेऊन खाली आले तशी ती उठली आणि मराठीत म्हणाली, "साहेब, तुम्ही काल ज्या दिव्याचं बोललात, तो दिवा माझा नवरा लावतो. रोज. बॅटरी संपत आली तर जेवणघरातला बंद ठेवून तो लावतो."

ते खाली बसले म्हणे. एअरपोर्टची गाडी त्यांनी सोडून दिली. तिच्याकडून विजयचं नाव, गाव, घरी कोण कोण, सगळं विचारून घेतलं. आश्वासन काही दिलं नाही. उठताना ईशाच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच.

महिन्याभरात बेटाच्या सरकारने आपल्या खर्चाने त्या जहाजावर पहारेकरी चढवले आणि विजयसकट सगळ्यांना उतरवलं. कुठलंही कलम नाही, फंड नाही. त्यांच्या पक्षाने याचं पोस्टर केलं: आम्ही परक्या खलाशांनाही घरी पाठवतो. आपल्या मंत्रालयानेही फोटो टाकला: भारताच्या पाठपुराव्याला यश. दोन्ही फोटोंत विजय होता, दाढी वाढलेली, हातात दोन वेगवेगळे बुके.

देशमाने साहेबांचा मला फोन आला. "बघा मॅडम, म्हणालो नव्हतो? शेवटी मराठी माणूसच कामाला आला."

 मी म्हटलं, "हो साहेब."

सखारामांनी हे कशासाठी केलं, ते मी त्यांना विचारलं नाही. प्रवाळासाठी, पक्षासाठी, की स्मितासाठी, देव जाणे. पुढच्या सेशनला ते आले, माझ्या खोलीचं दार लावलं आणि म्हणाले, "बाईसाहेब, मासेमारीच्या नियमात आम्ही भारताच्या विरोधात आहोत." मी लिहून घेतलं.

स्मिता माझ्याशी बरेच दिवस बोलली नाही. विजय आल्यावर एका शुक्रवारी त्याने मला वर जेवायला बोलावलं. स्मिताने सुरमईचं कालवण वाढलं, पण माझ्याकडे न बघता. विजय बारीक झाला होता, शांतही. मध्येच त्याने विचारलं, "ताई, तुमचा तो नियम झाला ना मंजूर?"

"झाला."

"म्हणजे मी त्याच्यामुळे सुटलो?"

"नाही. त्यातून तर तू बाहेर होतास."

"मग कशामुळे?"

"त्यांच्याकडे इलेक्शन होतं," मी म्हटलं. "आणि तुझ्या बायकोला शपथ नव्हती."

स्मिता तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "ताई, परत तसंच झालं तर परत गप्प बसाल?"

विजयचा घास हातातच राहिला. ईशाने फोनमधून डोकं वर काढलं.

"बसेन," मी म्हटलं.

 तिने माझ्या ताटात कालवणातला अजून एक तुकडा वाढला.

हल्ली नवा प्रतिनिधी आला की मी त्याला इतकंच सांगते: कुणाचं मत आपल्या खिशात आहे असं वाटलं, तर जेवताना एकदा विचारून घ्या. भाषा एक असली तरी गच्ची वेगळी असते, आणि तिथून काय दिसतं ते ज्याची गच्ची त्यालाच माहीत असतं.